सूर्याची हातगाडी

नाका हा शब्द मुळात जकातीच्या दफ्तरातला. येणाऱ्या मालाची गाडी जेथे अडवावी, तिच्यात काय भरले आहे याची तपासणी करावी, हशील आकारून पावती फाडावी आणि मगच तिला वाट मोकळी करून द्यावी, ती जागा म्हणजे नाका. मुंबईची जकात १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कराच्या आगमनाबरोबर कायमची उठली; तथापि अंधेरी-कुर्ला रस्त्यावरच्या साकीनाक्याने गाड्या अडवण्याचा आपला मामूल काही सोडलेला नाही, आणि डोक्यावरून २०१४ पासून मेट्रो धावू लागली तरी खालच्या रस्त्यावरील वाहनांचा तुंबारा जसाच्या तसा आहे. याच तुंबाऱ्यातून खैरानी रस्त्याच्या एका गाळ्यात तयार झालेली माझी गाडी ढकलत घरी नेत असता, शेजारी अडकलेल्या रिक्षावाल्याने मान बाहेर काढून विचारले, “आइसक्रीम है क्या?” प्रश्न वावगा नव्हता. चार चाकांवरची, कमरेइतक्या उंचीची, निळ्या रंगाची ती पेटी, तिला मागे ढकलण्याची दांडी आणि वर मिटलेल्या पुस्तकासारख्या दोन काळ्या काचा, हे सारे पाहून कुणालाही कुल्फीवाल्याचीच आठवण व्हावी. मी त्याला सांगितले की आत वीज आहे. त्याने माझ्याकडे किंचित करुणेने पाहिले.

वीज जाते ही गोष्टच मुंबईकराला मनापासून पटत नाही, हे या करुणेचे कारण असावे. खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू होऊन घाटमाथ्यावरचे पाणी या शहराच्या गिरण्या फिरवू लागले. १९२९ साली उपनगरांना वीज पुरवण्यासाठी स्वतंत्र कंपनी निघाली, आणि मालक व पाट्या बदलत बदलत तोच कारभार आज साकीनाक्याच्या मीटरांपर्यंत पोहोचला आहे. राज्यात जेव्हा भारनियमनाचा अंमल होता आणि गावोगावी आठ-आठ, बारा-बारा तास दिवे जात होते, तेव्हाही मुंबई त्यातून बहुतांशी वगळलेली होती. परिणामी एक विचित्र विपर्यास घडला: गणपतीला गावी जाणाऱ्या चाकरमान्याला तिथल्या घराच्या कोपऱ्यात बॅटरी आणि इन्व्हर्टर निमूटपणे आपले काम करताना दिसतात, आणि मुंबईच्या त्याच्या स्वतःच्या घरात मात्र मेणबत्तीदेखील शोधावी लागते.

हा आत्मविश्वास दोनदा तरी पुरता उतरलेला मी पाहिला आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, मिठी नदीने कुर्ल्यापासून वर आपली जुनी पात्रे परत मागितली, साकीनाक्याच्या टेकडीची दरड खालच्या वस्तीवर कोसळून कित्येक माणसे गाडली गेली, आणि पाण्यात बुडालेल्या उपकेंद्रांमुळे उपनगरांतील पुष्कळ भाग अंधारात राहिला. त्या रात्री अंधाराची तक्रार करणे हेही लाजिरवाणे वाटावे असा तो प्रसंग होता. दुसरा प्रसंग १२ ऑक्टोबर २०२० चा. सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास, कळवा-पडघे परिसरातील पारेषण-वाहिन्यांच्या बिघाडाची परिणती म्हणून, सबंध महानगर आणि आसपासची शहरे एकदम निर्जीव झाली. संकटकाळी मुंबईला मुख्य जाळ्यापासून तोडून स्वतःच्या वीजकेंद्रांवर तगवण्याची जी तजवीज कित्येक दशके अभिमानाने सांगितली जात होती, ती ऐन वेळी उपयोगी पडली नाही. महामारीचे दिवस होते. शाळा, कचेऱ्या, दवाखान्यांचे सल्ले, सर्व काही तारेवरून चाललेले. आमच्या घरी एक परीक्षा अर्ध्यावर थांबली आणि एका वृद्ध आप्ताचे वाफारा घेण्याचे यंत्र मूक झाले. गाडीचा विचार त्या दुपारचा.

वास्तविक त्या विचारात नवे असे काहीच नव्हते. प्रकाशातून विद्युत् निर्माण होते ही गोष्ट बेकरेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८३९ मध्ये पाहिली. व्यवहारात चालेल असा सिलिकॉनचा सौरघट अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने १९५४ मध्ये दाखवला. आणि आमच्याच साकी विहार रस्त्याने पवईकडे गेले की मुंबईच्या आयआयटीत २०१० पासून या विद्येचे राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. तेथील एक प्राध्यापक, चेतन सिंह सोलंकी, छपरावर सौरपट्ट्या बसवलेल्या बसलाच घर मानून २०२० साली देशभर निघाले, ते दहा वर्षे घरी न परतण्याचा संकल्प सोडून. एवढा व्रतस्थपणा माझ्या अंगी नाही. माझा प्रश्न लहान आणि निव्वळ प्रापंचिक होता: दोन खोल्यांत सहा तास पंखा आणि दिवा कसा चालावा?

या प्रश्नाचे पाठ्यपुस्तकी उत्तर छपरावर पट्ट्या बसवण्याचे आहे, आणि तेथेच साकीनाक्याचा रहिवासी अडतो. कारण त्याला छप्परच नसते. खाली चाळ असो की वर सात मजल्यांची इमारत, त्याच्या डोक्यावर दुसऱ्या कुणाचे तरी जोते असते आणि सर्वांच्या डोक्यावरची गच्ची ही संस्थेची, म्हणजे सर्वांची, म्हणजे कुणाचीच नव्हे, अशा मालकीची असते. मी रीतसर अर्ज दिला. समितीने तो दाखल करून घेतला, दोन सभांत त्यावर चर्चा केली आणि सामाईक जागेत कायमस्वरूपी बांधकामास परवानगी देता येत नाही असा लेखी जबाब दिला. त्या जबाबातील ‘कायमस्वरूपी’ या शब्दावर माझी नजर खिळली. जे कायमचे नाही त्याला कोणाची हरकत? पट्टीला चाके लावली की ती बांधकाम राहत नाही, जंगम मालमत्ता होते. गाडीची चाके प्रथम अशी कागदावर उमटली. लोखंडात ती मागाहून आली.

खैरानी रस्त्याच्या आतल्या गल्ल्यांत पत्रा, पितळ, प्लास्टिक, कापड, कशाचेही काम करणारे गाळे आहेत, आणि तेथला कारागीर नकाशा मागत नाही. वस्तू कुठे उभी राहणार आणि कोण ढकलणार, एवढे दोन प्रश्न विचारतो. माझ्या मिस्त्रींनी एक इंची चौकोनी पाइपाचा सांगाडा जोडला, तळाला अँगलची चौकट दिली आणि मी नेलेली प्लास्टिकची गुळगुळीत चाके एका नजरेत नापास केली. ती फरशीवर छान पळतात, पण लिफ्टच्या उंबरठ्यावरच्या फटीत रुततात, हे त्यांनी आधी सांगितले होते आणि मी ते अनुभवून मान्य केले. मग रबरी धावेची सहा इंची चाके आली, पुढची दोन फिरती, मागची दोन स्थिर, त्यांतल्या एका जोडीला पायाने दाबायचा ब्रेक. बॅटरी सर्वांत खाली ठेवायची, हा आग्रहही त्यांचाच: ओझे खाली असले की गाडी उतारावर कलंडत नाही, हे हातगाडीवाल्यांचे शहाणपण कोणत्याही पुस्तकाहून जुने आहे.

बॅटरीच्या निवडीत मात्र मी बरेच दिवस घालवले. परिचयाची शिशाची ट्यूब्युलर बॅटरी १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची घेतली तर हिशेबाने १८०० वॉट-तास होतात. पण तिला दीर्घायुष्य हवे असेल तर निम्म्याहून अधिक उपसू नये, म्हणजे हाती ९०० च राहतात, आणि वजन पन्नास किलोंच्या वर जाते. शिवाय तिला ऊर्ध्वपातित पाणी पाजावे लागते आणि भरताना ती हायड्रोजन सोडते, म्हणून बंद खोलीत तिचा सहवास बरा नव्हे. लिथियम आयर्न फॉस्फेटची १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची बॅटरी १२८० वॉट-तासांची; त्यातले ऐंशी टक्के निर्धास्त वापरता येतात, म्हणजे हजाराच्या थोडे वर, आणि वजन बारा-तेरा किलो. किंमत अर्थातच जबर. या रसायनाचा शोध १९९० च्या दशकात जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत लागला. त्यांना २०१९ साली नोबेल मिळाले तेव्हा त्यांचे वय ९७ होते. इतर लिथियम बॅटऱ्यांपेक्षा हिची भडकण्याची वृत्ती पुष्कळ कमी, हा गुण माझ्या लेखी निर्णायक ठरला. कारण याच खैरानी रस्त्यावर डिसेंबर २०१७ मध्ये एका फरसाणाच्या गाळ्याला आग लागून बारा कामगार दगावले होते, आणि ती आठवण त्या गल्लीत काम करवून घेणाऱ्याने विसरू नये.

आता जमाखर्च. कमी वीज खाणारा, ब्रशविरहित मोटारीचा छताचा पंखा ३० वॉट घेतो, जुना सत्तर-पंचाहत्तर. असे दोन नवे पंखे सहा तास, ३६० वॉट-तास. वीस वॉटच्या दोन एलईडी नळ्या पाच तास, २००. इंटरनेटचा डबा दहा वॉटचा, सहा तास, ६०. संगणक साठ वॉटचा, दोन तास, १२०. बेरीज ७४०, त्यावर इन्व्हर्टर स्वतःची दस्तुरी कापून घेतो, म्हणून साडेआठशे धरावे. हजाराच्या तिजोरीत हा खर्च बसतो. वातानुकूलन यंत्राचे नावही काढू नये. ते एकटेच दीड हजार वॉट मागते. फ्रिजचा खर्च थोडा, पण त्याचा कॉम्प्रेसर सुरू होतेवेळी क्षणभर कित्येक पट प्रवाह ओढतो आणि लहान इन्व्हर्टरला धाप लागते. भिंतीतल्या प्लगने आयुष्यात कधी विचारले नाही की तुम्हांला नेमकी किती वीज पाहिजे; या गाडीने पहिल्याच दिवशी तो प्रश्न विचारला, आणि उत्तर देताना घरातील प्रत्येक व्यक्तीची आवड-निवड जशी चव्हाट्यावर आली तशी लग्नाच्या याद्या करतानाही आली नव्हती.

पहिल्या जोडणीत माझी एक चूक झाली, ती सांगितली पाहिजे. ६०० वॉटचा भार २३० व्होल्टवर अडीच-तीन अँपिअर मागतो, पण तोच १२ व्होल्टच्या बाजूने पन्नासावर जातो, हे ठाऊक असूनही मी बॅटरी ते इन्व्हर्टर घरात पडलेली चार चौरस मिलिमीटरची तार वापरली. दहा मिनिटांत तारेच्या टोकाचा लग हात लावू देईना. वायरमनने ती काढून सोळा चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घातली, लग यंत्राने दाबून बसवले आणि बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरावर ८० अँपिअरचा फ्यूज टाकला. त्यांनी आणखी एक बजावले, ते मी गाडीच्या झाकणाच्या आत लिहून ठेवले आहे: दोन्ही टोकांना प्लग असलेली वायर करून गाडीची वीज भिंतीच्या प्लगमधून घरात कधीही सोडू नये, ती मीटर ओलांडून बाहेरच्या तारांत शिरली तर वीज बंद आहे या भरवशावर खांबावर चढलेल्या माणसाच्या प्राणावर बेतते. गाडीला म्हणून स्वतःचा बोर्ड आहे, आणि पंखा-दिवे त्यालाच जोडायचे.

राहता राहिला सूर्य. शंभर वॉटच्या दोन पट्ट्या, बिजागरीने जोडलेल्या. स्वच्छ दिवसाला त्या साडेपाचशे ते सातशे वॉट-तास देतात, म्हणजे रिकामी तिजोरी भरायला दीड-दोन दिवस लागतात. उन्हात काच तापली की उत्पन्न घटते, दर अंशाला सुमारे ०.४ टक्के, त्यामुळे मे महिन्यातल्या रणरणत्या दुपारपेक्षा जानेवारीतले कोवळे ऊन पट्टीला अधिक मानवते. आणि सावलीचे तिला भारी वावडे. आतले घट एकामागे एक ओवलेले असल्याने एका कोपऱ्यावर पडलेली छाया सबंध माळेचा प्रवाह अडवते. आमच्या गच्चीवरील दोरीवर वाळणाऱ्या एका लुगड्याने एकदा निम्मी वीज गिळली. मुंबई कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळे मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस सूर्य भरदुपारी थेट माथ्यावर येतो, नि मधल्या काळात तो आपल्या उत्तरेला असतो. दक्षिणेकडे तोंड करून पक्क्या बसवलेल्या पट्टीला हे सोसावे लागते. गाडीला वळवता येते.

प्रामाणिकपणे सांगायचे तर आमच्याकडे वीज जाते ती बहुधा आषाढात, आणि तेव्हाच सूर्यही रजेवर असतो. म्हणून पावसाळ्यात मी गाडी भिंतीच्या प्लगवरच भरून ठेवतो आणि पट्ट्या राखीव दल मानतो: पहिली रात्र बॅटरीची, तिसऱ्या दिवशी ढग फाटले तर सूर्याची. आणखी एक गोष्ट मिस्त्रींनाही सुचली नव्हती. वीज गेली की लिफ्टही जाते. ज्या चाकांचे मी एवढे कौतुक केले ती नेमक्या गरजेच्या वेळी जिन्यापुढे निरुपयोगी होतात. शेवटी गाडी पुन्हा गाळ्यात नेली आणि तिचे तीन भाग केले: बॅटरीची पेटी मुठीसह निघते, पट्ट्या बिजागरीतून सुटतात, सांगाडा रिकामा राहतो. लिफ्ट चालू असताना सगळी गाडी वरच्या मजल्यापर्यंत जाते, आणि तिथून गच्चीचा एक जिना दोघांनी मिळून चढवायचा.

गेल्या माघात ती अशीच गच्चीवर उन्हात उभी होती. सेक्रेटरी पाण्याची टाकी पाहायला वर आले, भोवती एक चक्कर मारली आणि चष्मा सावरत म्हणाले, “साहेब, हे कायमस्वरूपी तर नाही ना?” मी पायाने ब्रेक सोडला आणि गाडी वीतभर पुढे ढकलून दाखवली. पाण्याच्या टाकीची सावली तेवढ्यात सरकत सरकत पट्टीच्या कडेला आली होती, म्हणून आणखी वीतभर ढकलली.