आग्वादचा दीपस्तंभ

पांढुर्ण्याच्या मुलांना ठाऊक असलेले मोठे पाणी म्हणजे जाम नदीचा पूर. त्यामुळे सहलीत गोव्यास गेल्यावर, आग्वादच्या जांभ्या दगडाच्या कड्यावरून समुद्र पाहताना सारी मुले क्षणभर स्तब्ध झाली. तेथील दीपस्तंभाने मात्र त्यांची निराशा केली. चार मजल्यांचा तो ठेंगणा मनोरा! “सर, एवढासा दिवा दूरच्या जहाजांना दिसे तरी कसा?” एकाने विचारले. प्रश्न मार्मिक होता. म्हणून त्याचे उत्तर येथे सर्वांसाठीच देत आहोत.

पृथ्वी गोल असल्यामुळे दूरची वस्तू क्षितिजाआड जाते. किनाऱ्यावर उभ्या असलेल्या मुलाला समुद्र सुमारे साडेचार किलोमीटरपर्यंतच दिसतो. तोच शंभर मीटर उंचीवर चढला, तर दृष्टी सुमारे ३६ किलोमीटरपर्यंत पोचते. दिव्याचेही तसेच आहे. आग्वादला ही उंची डोंगरानेच दिली. मनोरा उंच करण्याचे कारण उरले नाही.

दुसरी गोष्ट प्रकाशाची. ज्योतीचा उजेड चहूकडे विखुरतो. दीपस्तंभातील आरसे व भिंगे तो एकवटून समुद्राकडे वळवतात. फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने यासाठी रचलेले वर्तुळाकार कड्यांचे भिंग १८२३ साली प्रथम दीपस्तंभात बसले. शिवाय निरनिराळ्या दीपस्तंभांच्या उघडझापीचा ताल निराळा ठेवतात. नाविक सेकंद मोजतो आणि आपण कोठे आहोत हे ओळखतो. दिवा जणू स्वतःचे नाव सांगतो.

मांडवीच्या मुखावरील हा किल्ला पोर्तुगिजांनी १६१२ साली डच आरमारास रोखण्यासाठी बांधला. येथील झऱ्याचे गोडे पाणी जहाजे भरून घेत. पोर्तुगीज भाषेत पाण्यास ‘आग्वा’ म्हणतात, त्यावरून हे नाव पडले. दीपस्तंभ उभा राहिला १८६४ मध्ये. पुढे याच किल्ल्यात गोवा मुक्तिसंग्रामातील सैनिक कोंडले गेले. एकाच टेकडीवर तोफा, तुरुंग आणि दिवा! तोफ शत्रू-मित्र पाहते; दिवा कोणत्याही जहाजाचा ध्वज पाहत नाही.

१९६१ साली गोवा मुक्त झाला. १९७६ मध्ये शेजारी नवा दीपस्तंभ आला आणि जुना विसावला.

परतीच्या रात्री पांढुर्णा स्थानकाचा हिरवा सिग्नल दिसताच तोच विद्यार्थी म्हणाला, “सर, हाही दीपस्तंभच की!” आमच्या सहलीचे सार्थक झाले.