भट्टीवरच्या मजुरीची पावती कुठे मिळते?

अमेरिकन सिरीज बघणाऱ्यांना तिकडचा ‘इंज्युरी लॉयर’ ठाऊक असेल. सुटाबुटात, ज्युरीसमोर डायलॉग, आणि रस्त्यावर त्याच्याच फोटोचं होर्डिंग. आपल्याकडे ज्युरी नाही, वकिलाने जाहिरात करायची नाही आणि मिळालेल्या भरपाईत टक्केवारीही घ्यायची नाही. बार कौन्सिलचे नियमच तसे आहेत. तरी काम भरपूर. शहापुरातून मुंबई-नाशिक महामार्ग जातो, वेगळं काय सांगायचं!

शेणव्यातली एखादी पोरगी या वाटेला लागली, तर तिचं करिअर घडेल ठाण्याच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात. आसनगावहून लोकल, आणि काही वर्षं सीनियरच्या हाताखाली. भाषणं कमी, कागद जास्त: एफआयआर, पंचनामा, पोस्टमॉर्टेम रिपोर्ट, गाडीची पॉलिसी, ड्रायव्हरचं लायसन्स. २०१९ च्या दुरुस्तीने दाव्याला सहा महिन्यांची मुदत घातली. म्हणजे घरचे दिवसकार्य उरकून सावरेपर्यंत घड्याळ सुरू झालेलं असतं.

खरी लढाई होते ती कमाईवर. सर्वोच्च न्यायालयाच्या सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या निकालांनी हिशोब ठरवून दिलाय. समजा, २४ वर्षांचा मजूर गेला. मागे बायको, दोन मुलं. कमाई महिना १२ हजार. पुढच्या वाढीचे ४० टक्के मिळवा, त्याच्या स्वतःच्या खर्चाचा तिसरा हिस्सा काढा, वर्षाचे करून १८ ने गुणा. झाले २४ लाख १९ हजार २००. विमा कंपनीच्या वकिलाने कमाई ८ हजारांवर आणली, तर १६ लाख १२ हजार ८००. महिन्याचे चार हजार सिद्ध झाले नाहीत, म्हणून आठ लाख गेले!

आणि आपल्याकडे सिद्ध करणार कसं? पावसात लावणी, नंतर वीटभट्टी, मजुरीतून उचल कापलेली. पगाराची स्लिप कुणाकडे असते? मुरलेला वकील मग मुकादमाची वही शोधतो, भट्टीमालकाला साक्षीला बोलावतो. हे शहरातल्या ज्युनियरला पटकन सुचत नाही. इथल्या पोरांना मुकादम नावानिशी माहीत असतो.

बारावीनंतर पाच वर्षं किंवा पदवीनंतर तीन, दोन्हीला सीईटी. मग महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची सनद आणि एआयबीई परीक्षा. सनदेची फी पूर्वी हजारोंत जायची. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती खुल्या वर्गासाठी ७५० आणि एससी-एसटीसाठी १२५ रुपयांवर आणली.