एका गळ्यातला अख्खा बँड

मुलांनो, नागापूरच्या एमआयडीसीतून मनमाड रस्त्याने नगरला या, शहर ओलांडून दौंड रस्त्याला लागा, की अरणगावजवळ मेहेराबाद येतं. इथे मेहेरबाबांची समाधी आहे. बाबांनी 10 जुलै 1925 रोजी मौन धरलं, ते 31 जानेवारी 1969 ला देह ठेवेपर्यंत सोडलं नाही. आधी ते मुळाक्षरांच्या पाटीवर बोट फिरवून बोलायचे, पुढे नुसत्या हातांच्या खुणांनी. आणि गंमत बघा, न बोलणाऱ्या या बाबांच्या शब्दांवरून जगभर गाजलेलं एक गाणं तयार झालं: 'डोन्ट वरी, बी हॅपी'!

अमेरिकन गायक बॉबी मॅकफेरिन यांनी हे शब्द सॅन फ्रान्सिस्कोत, ओळखीच्यांच्या घरी, बाबांच्या पोस्टरवर वाचले. 1988 साली गाणं आलं आणि अमेरिकेत थेट पहिल्या नंबरवर पोचलं. जरा कान देऊन ऐका हं. खाली घुमणारा खर्ज, मधे ठेका, वर शीळ. वाद्यं किती? एकही नाही! सगळे आवाज एकट्या मॅकफेरिन यांचे.

एक तोंड एका वेळी एवढं कसं गाईल? गात नाहीच. स्टुडिओत आधी एक आवाज ध्वनिमुद्रित करतात. मग तो हेडफोनवर ऐकत गायक दुसरा आवाज गातो. तो वेगळ्या पट्ट्यावर साठतो. मग तिसरा, चौथा... चिरोट्याच्या पापुद्र्यांसारखे थर चढतात, आणि शेवटी सगळे एकदम वाजवले की झाला बँड!

गाण्याची चाल जमैकाच्या रेगेसारखी डुलते. पाय आपटत एक, दोन, तीन, चार मोजा. टाळी मात्र आकड्यावर नको, दोन आकड्यांच्या मधे वाजवा. रेगेतली गिटार अशीच मधल्या जागेत झणकते. या डौलामुळे आजही कितीतरी जण छातीठोकपणे सांगतात, हे गाणं जमैकाच्या बॉब मार्ली यांचं! मार्ली रेगेचे सर्वांत लाडके गायक, 1945 साली जन्मलेले. पण ते 11 मे 1981 रोजीच वारले, अवघ्या छत्तिसाव्या वर्षी. गाणं आलं त्यानंतर सात वर्षांनी. तारखा जुळवून पाहिल्या की झटक्यात उलगडा होतो.

आता तुम्हीच करून बघा. एका मोबाईलवर तोंडाने ठेका मुद्रित करा. तो वाजवत दुसऱ्या मोबाईलवर गाणं म्हणा. मग दुसरा वाजवत पहिल्यावर शीळ घाला. तीन थर झाले! प्रत्येक वेळी पहिला ठेका थोडा पुसट का होत जातो, ते मात्र विचार करून शोधा.