शालेय छायाचित्रांची साठवण व जलचिन्ह

विद्यार्थ्याने शाळा सोडली म्हणजे मुख्याध्यापक त्यास दाखला देतात. दाखल्यावर सही होते, शाळेचा शिक्का उमटतो. परंतु ज्या जनरल रजिस्टरावरून तो दाखला उतरविला जातो, त्या रजिस्टराच्या पानावर कोणी शिक्के मारीत बसत नाही. मूळ नोंद जशीच्या तशी राहते आणि शिक्का पडतो तो बाहेर जाणाऱ्या प्रतीवर. शाळेच्या संकेतस्थळावर ठेवावयाच्या छायाचित्रांस हाच न्याय लागू आहे. घाईत तो विसरला गेला तर होणारी हानी पुढे भरून येत नाही.

लोहारा तालुक्यातील माकणी हे तेरणाकाठचे गाव. निम्न तेरणा प्रकल्पाचे धरण येथेच आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीनजीक झालेल्या भूकंपाचा तडाखा ह्या टापूस बसला. जवळचे सास्तूर उद्ध्वस्त झाले. लातूर व तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, ह्या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे ८,००० माणसे मृत्युमुखी पडली आणि ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. जुन्या गावांतील माळवदाची घरे, वेस, चावडी ही आता छायाचित्रांतूनच दिसावयाची, आणि अशी छायाचित्रे घरोघरच्या पेट्यांत व लग्नाच्या आल्बमांत पडून असतात.

समजा, माकणीतील एखाद्या शिक्षकाने मुलांकरवी अशी छायाचित्रे गोळा केली, स्कॅन केली, ज्याची त्यास परत दिली, आणि कोणी ती उचलू नयेत म्हणून हाती असलेल्या एकुलत्या एक स्कॅन प्रतीवरच शाळेचे नाव ठळक अक्षरांत आडवे छापले. पुढे मूळ कागदास वाळवी लागली. मग वाड्याच्या दारावर शाळेचे नाव तेवढे राहणार. त्या नावाखाली चौकटीवरचे कोरीव काम होते की उभे असलेले कोणी माणूस, हे सांगावयास कोणताही आधार उरणार नाही.

जलचिन्ह हा शब्द कागदाच्या कारखान्यातला आहे. तेराव्या शतकात इटलीतील फाब्रियानो येथील कारागीर कागदाच्या जाळीवर तारेची आकृती बसवीत. तेथे लगदा पातळ बसे आणि कागद उजेडापुढे धरला की आकृती दिसे. भारतीय नोटेवरील गांधीजींची छायाकृती ही त्याच कुळातली. संगणकावर घडते ते मात्र निराळे आहे. तेथे चित्र म्हणजे बारीक ठिपक्यांचा तक्ता असतो व प्रत्येक ठिपक्याचे तांबडा, हिरवा व निळा असे ० ते २५५ पर्यंतचे तीन आकडे असतात. चित्रातील ठिपक्याचा आकडा १०० आणि चिन्हाचा २५५ असून चिन्ह ४० टक्के गडद हवे असेल, तर १०० चे ६० टक्के म्हणजे ६० आणि २५५ चे ४० टक्के म्हणजे १०२, मिळून १६२ हा आकडा नव्या प्रतीत लिहिला जातो. १०० हा आकडा त्या प्रतीत शिल्लक राहत नाही. खरे पाहता हे शिक्क्याचेच काम. नाव तेवढे कागदावरून आले.

ही बेरीज सर्व्हरवरील स्क्रिप्ट, म्हणजे तेथे आपोआप चालणारी लेखी आज्ञावली, करते. तिच्यासाठी पीएचपी ही भाषा व नोंदींसाठी मायएसक्यूएल हा डेटाबेस ही जोडी फार प्रचारात आहे. दोन्ही १९९५ पासूनची. आता प्रश्न येतो तो चित्रे डेटाबेसातच कोंबावीत की फोल्डरात ठेवावीत. डेटाबेसात ठेवल्यास नोंद व चित्र यांची ताटातूट होत नाही, हा लाभ खरा. परंतु डेटाबेस फुगतो, त्याची राखीव प्रत घेणे जड होते आणि प्रत्येक चित्र स्क्रिप्टच्या हातूनच बाहेर पडते. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २००६ मध्ये आपल्या प्रणालीवर ही तुलना केली. २५६ किलोबाइटपेक्षा लहान वस्तू डेटाबेसात व १ मेगाबाइटपेक्षा मोठ्या फाईल म्हणून ठेवणे बरे, असे त्यांस आढळले. मोबाईलवर काढलेले छायाचित्र सहज ३-४ मेगाबाइट भरते. तेव्हा शाळेपुरता निर्णय सरळ आहे : चित्र फोल्डरात, नोंद डेटाबेसात. जडवस्तू नोंदवहीत कपाट ठेवीत नाहीत. कपाटाचा क्रमांक व जागा लिहितात.

नोंदीत काय असावे ह्यावरच पुढील सारे अवलंबून आहे. अनुक्रमांक, चित्र कोणी काढले, केव्हा, कोठे, कोणाच्या घरून मिळाले, कोणत्या फोल्डरात आहे, प्रसिद्धीस संमती आहे काय, आणि फाईलचा ठसा. ठसा म्हणजे फाईलमधील मजकुरावरून गणिताने काढलेली अक्षरांकांची ओळ. प्रचलित एसएचए-२५६ रीतीने ती ६४ अक्षरांकांची येते. चित्रातला एक ठिपका बदलला तरी ठसा पालटतो. एकच फाईल दोघांनी आणून दिली तर तेही ह्यावरून तात्काळ कळते. फाईलला पाठविणाऱ्याने दिलेले नाव कदापि ठेवू नये. दोन मोबाईलांतून एकाच नावाची दोन चित्रे येतात आणि दुसरे पहिल्यास पुसून टाकते. अनुक्रमांक हेच नाव. आलेली फाईल खरोखर चित्रच आहे ना, हे तिच्या शेपटावरून न ठरविता स्क्रिप्टने आत पाहून ठरवावे, कारण चित्राच्या नावाखाली घातक आज्ञावली धाडणारे असतात.

मूळ चित्राचे फोल्डर संकेतस्थळाच्या सार्वजनिक भागाबाहेर असावे. स्क्रिप्टने मूळ चित्र केवळ वाचावे, लहान करावे, चिन्ह उमटवावे आणि ही नवी प्रत निराळ्या फोल्डरात टाकावी. वाचक येईल तेव्हा दर वेळी नवी प्रत करीत बसणे परवडत नाही. ४००० गुणिले ३००० ठिपक्यांचे चित्र उलगडले म्हणजे प्रत्येक ठिपक्यास ४ बाइट धरून ४८ मेगाबाइट स्मृती व्यापते. ठेवलेली फाईल ३ मेगाबाइटची असली म्हणून फसू नये. एकदा केलेली १२०० ठिपके रुंदीची प्रत जपून ठेवावी आणि तीच दाखवावी. शाळेचे नाव बदलले वा चिन्ह पालटले, तर साऱ्या प्रती पुसून मूळ चित्रांवरून पुन्हा करता येतात.

मराठी शाळांना येथे एक अडचण हमखास येते. पीएचपीचे नेहमीचे चित्रसाधन देवनागरी अक्षरे पुष्कळदा नीट जुळवीत नाही. ‘धाराशिव’ लिहावयास सांगितले तर ऱ्हस्व वेलांटी ‘श’च्या अगोदर न बसता मागाहून पडते, आणि ‘जिल्हा’ ह्या शब्दात वेलांटीबरोबर जोडाक्षरही मोडते. शाळेच्या नावातच अशुद्धलेखन झळकावे, ह्याहून लाजिरवाणे काय? उपाय सोपा आहे. नाव एकदाच चांगल्या लेखन-साधनात शुद्ध लिहून पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी फाईल करावी व स्क्रिप्टने ते चित्रच वर ठेवावे. पांढऱ्या अक्षरांस काळी बारीक कड द्यावी, नाही तर उन्हाळी आकाशावर ती दिसेनाशी होतात. अगदी कोपऱ्यातील चिन्ह कातरून टाकता येते आणि चेहऱ्यावरचे चिन्ह चित्राचा घात करते; खालच्या तिसऱ्या भागात, कोणाच्या तोंडावर येणार नाही असे, ते बसवावे.

जलचिन्हाने चोरी थांबते असे मात्र नाही. ते पुसणारी साधने आज सर्वांच्या हाती आहेत. चित्राचा उगम दाखविणे एवढेच त्याचे काम. शिवाय जुने छायाचित्र स्कॅन केल्याने शाळा त्याची मालक होत नाही. चिन्हात शाळेचे नाव घातले तरी चित्राखाली ज्या घरून ते मिळाले त्याचा उल्लेख, त्या घराच्या अनुमतीने, असावयास हवा.

मुलांच्या छायाचित्रांची गोष्ट आणखी नाजूक आहे. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये झालेल्या कायद्यात १८ वर्षांखालील व्यक्ती बालक मानली असून पालकांची पडताळता येण्याजोगी संमती सांगितली आहे. संमतीचा रकाना कोरा असेल तर स्क्रिप्टने चित्र दाखवूच नये, अशी अट आज्ञावलीतच घालावी. मोबाईलच्या चित्रात ते कोठे काढले त्याचे अक्षांश-रेखांशही दडलेले असू शकतात. नवी प्रत करताना ते सहसा गळून जातात. तरी एक प्रत उघडून खात्री करावी. त्याबरोबर चित्र उभे की आडवे ही खूणही गळते, आणि मग प्रभातफेरी आडवी पडलेली दिसते. चित्र आधी सरळ करून मगच लहान करण्याची आज्ञा स्क्रिप्टला द्यावी.

राखीव प्रत घ्यावयाची ती मूळ फोल्डराची व डेटाबेसाची, दोहोंची एकाच वेळी, आणि ठेवावयाची शाळेच्या इमारतीबाहेर. सत्रातून एकदा त्या प्रतीवरून पाच-दहा चित्रे दुसऱ्या संगणकावर उतरवून त्यांचे ठसे नोंदीशी ताडून पाहावेत.