उंची कोठून मोजावी?

दिल्लीहून जयपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर, गुरुग्रामच्या पुढे, अरवलीच्या टेकड्यांजवळ मानेसर हे गाव आहे. एके काळचे हे खेडे आज मोटारींच्या कारखान्यांमुळे सर्वांना ठाऊक झाले असून, निरनिराळ्या प्रांतांतून नोकरीसाठी आलेली कुटुंबे त्याच्या आसपासच्या उंच इमारतींतून राहतात. अशा इमारतीच्या गच्चीवर पाण्याची टाकी असते. टाकी हजार लिटरांची, गच्ची जमिनीपासून ३० मीटर उंच. तर टाकीतील पाण्याची स्थितिज ऊर्जा किती? पदार्थविज्ञानाच्या पहिल्या पुस्तकात आढळणारे उदाहरण याच घाटाचे असते.

सूत्र सर्वांना पाठ असते. वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची या तिघांचा गुणाकार केला की ऊर्जा मिळते. हजार लिटर पाणी म्हणजे १,००० किलोग्रॅम, गुरुत्वत्वरण ९.८, उंची ३०. उत्तर आले २,९४,००० ज्यूल. हा आकडा भारदस्त वाटतो खरा. पण विजेच्या बिलातील एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल, हे लक्षात घेतले म्हणजे त्याचा रुबाब उतरतो. पंपात आणि नळात काहीच वाया जात नाही असे मानले, तर एका युनिटात अशा १२ टाक्या भरतील.

विद्यार्थी येथे थांबतो, आणि परीक्षेपुरते ते बरोबरही असते. पण हे पाणी विंधन विहिरीतून येत असेल तर? ते जमिनीवर नव्हतेच. समजा, विहिरीतील पाण्याची पातळी जमिनीखाली ४० मीटरांवर आहे. मग पंपाला पाणी ३० नव्हे, ७० मीटर उचलावे लागते आणि एका युनिटात १२ ऐवजी जेमतेम ५ टाक्या भरतात. गुरुग्राम जिल्ह्यात भूजलाचा उपसा प्रमाणाबाहेर झालेला आहे, ही नोंद केंद्रीय भूजल मंडळाने केलेली आहे. पातळी जसजशी खाली जाईल, तसतशी गच्चीची उंची तेवढीच राहूनही गणितातील उंची वाढत जाईल.

म्हणून अशा उदाहरणात आकडेमोड हा दुय्यम भाग होय. पहिला प्रश्न हा की उंची कोठून मोजावयाची. शून्य कोठेही धरता येते. टेबलाच्या पृष्ठावर, जमिनीवर, विहिरीच्या तळाशी. एकदा धरले की ते उदाहरण संपेपर्यंत हलवू नये, एवढाच नियम. शून्याच्या खालच्या वस्तूची ऊर्जा उणे येते, आणि त्यात बिचकण्यासारखे काही नाही. खरा अर्थ असतो तो दोन पातळ्यांमधील फरकाला.

केवळ उंचीवर असणे म्हणजे ऊर्जा हाती असणे नव्हे, हेही मानेसर दाखविते. हा प्रदेश समुद्रसपाटीपासून २०० मीटरांहून अधिक उंच आहे. समुद्राची पातळी शून्य मानली तर तेथील जमिनीवरच्या प्रत्येक हजार लिटर पाण्यात सुमारे २० लाख ज्यूल ऊर्जा ‘आहे’. परंतु यमुना-गंगेच्या वाटेने समुद्र गाठावयास हजार किलोमीटरांहून अधिक पल्ला. उतार इतका मंद की ती ऊर्जा वाटेतच घर्षणात विरून जाते.

सह्याद्रीची गोष्ट याउलट आहे. लोणावळ्याच्या परिसरात घाटमाथ्यावर अडविलेले पाणी काही किलोमीटरांत सुमारे ५०० मीटर खाली खोपोलीला येते. जमशेटजी टाटांनी या उंचीचे मोल ओळखले होते. १९०४ साली त्यांचे निधन झाले, आणि १९१५ मध्ये खोपोलीचे वीजगृह सुरू होऊन मुंबईच्या कापडगिरण्यांना वीज मिळू लागली. गणित पुन्हा तेच. एक घनमीटर पाणी, ५०० मीटर उंची, ४९ लाख ज्यूल. म्हणजे सुमारे १.३६ युनिटे. पाण्याचे नळ डोंगराच्या अंगावरून तिरके उतरतात आणि त्यांची लांबी उंचीहून बरीच अधिक असते. पण सूत्रात लांबीला जागा नाही. विद्यार्थी हमखास चुकतो तो येथे. घाटाचा रस्ता कितीही वळणे घेवो, गुरुत्वाकर्षण केवळ उभे अंतर जाणते.

त्याच पाण्याचा वेग काढावयाचा झाल्यास स्थितिज ऊर्जेची गतिज ऊर्जा झाली असे मांडावे. दोन्ही बाजूंचे वस्तुमान परस्पर निघून जाते, आणि वेग येतो सेकंदाला ९९ मीटर, ताशी सुमारे ३५० किलोमीटर. थेंब असो की लोंढा, वेग तोच. प्रत्यक्षात नळातील घर्षण त्यातला काही वाटा घेते; तरीही नळाच्या तोंडातून सुटणारी धार चाकावरील वाट्यांवर आदळून ते गरगर फिरविते.

या सूत्राला मर्यादाही आहे. ५०० मीटर चढल्याने गुरुत्वत्वरण दहा हजारांत दीड भागाएवढे घटते. ते कोणी मोजत बसत नाही. मात्र दूरदर्शनचे कार्यक्रम पोहोचविणारा उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो, आणि तेथे त्वरण ९.८ वरून ०.२२ वर आलेले असते. शाळेचे सूत्र तेथे जसेच्या तसे लावले, तर उत्तर खऱ्याच्या साडेसहा पट येईल. तेथे पृथ्वीच्या केंद्रापासूनचे अंतर घ्यावे लागते आणि शून्य धरले जाते अनंत अंतरावर. म्हणून प्रत्येक उपग्रहाची स्थितिज ऊर्जा उणे असते. शून्य आपल्या सोयीचे, हे तेथेही खरेच.

ही सोय कोणाची, हा प्रश्न मात्र सह्याद्रीतच, कोयनेवर, टोकदार होतो. कोयना ही कृष्णेची उपनदी. तिचा स्वाभाविक ओघ पूर्वेकडे. १९६२ पासून तिचे पाणी डोंगराच्या पोटातून पश्चिमेला कोकणात सोडून वीज निर्माण केली जाते. कारण सरळ आहे. पूर्वेकडे धरणाची उंची १०३ मीटर. पायथ्याशी यंत्र बसविले तरी त्याहून अधिक उतार मिळावयाचा नाही. पश्चिमेकडे पोफळीला तोच उतार ४७० मीटरांच्या आसपास भरतो. एकच घनमीटर पाणी पश्चिमेकडे चौपटीहून अधिक वीज देते. पण पूर्वेकडे सोडलेले पाणी वीज देऊन पुढे कृष्णाकाठच्या शेतांनाही मिळते. पश्चिमेकडे सोडलेले त्या खोऱ्याला कायमचे दुरावते. कृष्णा पाणी तंटा लवादाने म्हणूनच पश्चिमेकडे वळवावयाच्या पाण्याला वर्षाला ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा घातली.

हे पाणी सुमारे १९१ कोटी घनमीटर होते. ४७० मीटर उतार धरून त्याची ऊर्जा काढली, तर जवळजवळ २४५ कोटी युनिटे येतात; यंत्रांतील घट त्यातून वजा करावी. तेवढ्याच पाण्यात माणदेशात किती एकर जोंधळा पिकेल, हे त्या सूत्रातून निघत नाही. त्याकरिता निराळे गणित मांडावे लागते, आणि त्याचे शून्य शेताच्या बांधावर धरावे लागते. यंत्रांतून सुटलेले पाणी पुढे चिपळूणवरून वाशिष्ठीतून वाहत जाते आणि दाभोळजवळ अरबी समुद्राला मिळते.