उभ्या झाडाचा भाव

आमच्या कापडाच्या धंद्यात ताका दुकानात पडून राहिला की नुकसान. पण हल्ली उलटाच हिशेब कानावर येतो. झाड तोडू नका, उभे ठेवा, पैसे मिळतील! सातारा-सांगलीकडे ज्यांनी माळावर नीलगिरी, सुबाभूळ लावली आहे, त्यांनी आणि त्यांचे लाकूड घेणाऱ्या वखारवाल्यांनी, सुतारांनी हा हिशेब समजून घ्यावा.

झाड वाढताना हवेतला कार्बन लाकडात साठवते. एक टन कार्बन डायऑक्साइड म्हणजे एक क्रेडिट. आपला धूर भरून काढण्यासाठी कंपन्या ते विकत घेतात. नीलगिरी पाच-सहा वर्षांत तोडली की साठा मोडतो. तीच बाग विरळ करून मध्ये जांभूळ, हिरडा वाढू दिला आणि कुऱ्हाड थांबवली, तर साठा टिकतो. न्यूझीलंडने २०२३ पासून अशा कायम जंगलांचा वेगळा वर्ग केला. तिथे ५० वर्षे सरसकट तोड करता येत नाही. भारत सरकारनेही जून २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापार योजना जाहीर केली.

कायमचे जंगल उभे करणे आपल्याकडे अशक्य नाही. सांगली जिल्ह्यातले सागरेश्वर पाहा. उजाड डोंगरावर धों. म. मोहिते यांच्या प्रयत्नाने झाडे लागली आणि १९८५ मध्ये ते अभयारण्य झाले. तेव्हा क्रेडिटचे नावही नव्हते.

पण सौदा एकतर्फी नसावा. आज बापाने सही केली तर उद्या मुलांचे, वाटणीदारांचे हात बांधले जातात. वणवा लागला तर भरपाई कोणाची? मोजणीचा खर्च कोणाचा? भाव पडला तर काय? दलालाला हे आधी विचारा, उत्तर कागदावर घ्या.

आणि कारागिराचे काय? मिरजेचे सतारमेकर चांगल्या लाकडावर जगतात. सगळीकडेच कुऱ्हाड थांबली तर सुताराचा रंधाही थांबेल.

म्हणून माझे मत असे: उताराची, पडीक जमीन कायम जंगलाला द्यावी, सपाट जमिनीवर तोडीचे लाकूड चालू ठेवावे. विरळणीचे लाकूड गावच्याच कारागिराला मिळावे, ही अट करारात असावी. सगळा माल एकाच गिऱ्हाईकाला बांधून देणारा व्यापारी शहाणा नव्हे.