‘मोठा झाला की उतरेल’

परळच्या आचार्य दोंदे मार्गावर बाई जेरबाई वाडिया यांच्या नावाने १९२९ साली सुरू झालेले मुलांचे रुग्णालय गिरणगावाच्या कित्येक पिढ्यांच्या परिचयाचे आहे. परंतु मुलाच्या अंडकोशात एकच गोटी हाताला लागते, एवढी साधी तक्रार डॉक्टरांपुढे मांडताना एरवी चाळीचा सज्जा दणाणून सोडणाऱ्या बापाचाही आवाज खाली येतो. हा संकोच निरर्थक तर आहेच, शिवाय महागही पडतो.

वृषण घडतात ते गर्भाच्या पोटात, मूत्रपिंडांच्या शेजारी, आणि सातव्या-आठव्या महिन्याच्या सुमारास जांघेच्या वाटेने अंडकोशात मुक्कामास येतात. पुऱ्या दिवसांच्या शंभर मुलग्यांपैकी सुमारे तिघांत हा प्रवास अपुरा राहतो; अपुऱ्या दिवसांच्या मुलांत त्याहून पुष्कळ अधिक. त्यांतील बऱ्याच जणांचे वृषण पहिल्या काही महिन्यांत आपोआप उतरते. सहा महिन्यांनंतर मात्र ती आशा जवळजवळ मावळते, आणि वडीलधाऱ्यांचे ‘मोठा झाला की उतरेल’ हे फर्मान तेव्हापासून घातक ठरू लागते. अंडकोश शरीराहून दोन-तीन अंशांनी थंड असतो. वरच्या उष्णतेत अडकलेल्या वृषणातील बीजपेशी लवकरच क्षीण होऊ लागतात, आणि पुढे वंध्यत्वाचा व कर्करोगाचा धोका वाढतो. मूल मात्र मजेत खेळत असते, कारण दुखत काहीच नाही. म्हणून शस्त्रक्रियेची मुदत सहा ते अठरा महिन्यांची. मुंजीपर्यंत थांबू म्हणणाऱ्या आजोबांना हे पटवणे शल्यविशारदाला प्रत्यक्ष शस्त्रक्रियेहून जड जात असावे.

शाळकरी मुलांची कथा थोडी निराळी. पुष्कळांचे वृषण थंड स्पर्श होताच वर पळते. अनुभवी डॉक्टर आधी हात चोळून ऊबदार करतात, मुलाला मांडी घालून बसवतात, वृषण हलकेच खाली आणतात; हात काढल्यावरही ते तेथे स्थिरावले, तर शस्त्रक्रियेचे कारण नाही. तरी दरसाल तपासणीत कसूर नको, कारण पूर्वी जागेवर असलेले वृषणही वाढत्या वयात वर जाऊन तेथेच अडकू शकते.

नवजात मुलाच्या दोन्ही बाजूंस काहीच लागत नसेल, तर दिरंगाई अजिबात नको. हार्मोनची तपासणी तातडीने व्हावी लागते. एरवी सोनोग्राफीसाठी धावाधाव करण्याचेही प्रयोजन नाही. हाताला न लागणारे वृषण तिला पुष्कळदा दिसत नाही, आणि अशा वेळी पोटात दुर्बीण घालूनच खातरजमा करावी लागते.